एका जिवापुरतं पीठ

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. हुलसूर

सकाळी : मऊ भात, मीठ. दुपारी : मऊ भात, मीठ, लिंबू. संध्याकाळचं अजून व्हायचंय.

भालकीच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज काय खाल्लं ते लिहायचं. कावीळ उतरली म्हणून माज करायचा नाही, सहा महिने तेलकट बंद, हॉटेल बंद. मी म्हटलं, लिहून कुणाला दाखवायचं? ते म्हणाले, मला नको दाखवू, तूच वाच, पाच वर्षांत कुठल्या कुठल्या गाड्यावर काय काय गिळलंस ते तुझं तुलाच ठाऊक नाही. खरं आहे. पुणे, सुरत, हैदराबाद, मधे दीड महिना गोवा. सगळीकडं कुणीतरी शिजवलेलं खाल्लं आणि पुढं गेलो. आयटीआयचं एक वर्ष झालं, दुसरं राहिलं. ते कसं राहिलं ते लिहायला बसलो तर वही पुरायची नाही.

मेहकरला (भालकीजवळचं, बुलडाण्याचं नव्हे) घरी राहिलो असतो तर आईनं केलंच असतं. पण मला घरी पाचवा दिवस निघत नाही. म्हणून हे काम धरलं. सोलर पंप बसवणारा ठेकेदार आहे, त्याच्या मालावर लक्ष ठेवायचं आणि फिटरच्या हाताखाली पाइपा धरायच्या. खोली मिळाली ती सोजराबाईंच्या घरामागं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. वय सत्तरच्या पुढं, नवरा बंडेप्पा दोन वर्षांखाली गेले, मुलगा गुलबर्ग्याला सरकारी इंजिनियर. लिंगायताचं घर, शाबादी फरशी अशी पुसलेली की चप्पल हातात घेऊन चालावं वाटतं.

माझा संसार : पाच किलोचा सिलेंडर आणि त्याच्या डोक्यावर बसवलेला बर्नर, एक पातेलं, एक लोखंडी तवा, एक ताट, चाकू, उलथनं. ताट हेच झाकण, त्यातच तांदूळ निवडायचे, त्यातच जेवायचं. आज भात शिजताना ताट पातेल्यावर थडथड उडत होतं. मी अर्धा तास नुसता बघत बसलो. मूठभर तांदूळ होते, त्याचे पातेलंभर झाले. कुठून आलं एवढं? पाण्यातनं आलं म्हणावं तर पाणी पण दिसेना.

११ नोव्हेंबर

सकाळी : भात. दुपारी : भाकरी म्हणावी असं काहीतरी, ताक.

किराणा दुकानातनं ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. आईला हजार वेळा बघितलंय, त्यात काय अवघड, असं वाटलं. ताटातच पीठ मळलं, ताटातच थापायला गेलो. पहिली उचलताना तिचे तीन तुकडे झाले. दुसरी तव्यावर पडली ती आंध्राच्या नकाशासारखी, जुन्या आंध्राच्या.

अक्का माझ्या दारातल्या पायरीवर येऊन बसल्या होत्या, पाठ माझ्याकडं, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. दुपारच्या उन्हात कसली थंडी वाजते कोण जाणे. मागं न वळताच त्या म्हणाल्या, "मेलेलं पीठ हाय त्ये. पाकिटातलं आणलास न्हवं?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. म्हणाल्या, आवाज येतोय की.

मग बरंच काही सांगितलं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, विरी म्हणजे चिकटपणा. ज्वारीचं पीठ गव्हासारखं एकमेकाला धरून राहत नाही, त्याला धरायला लावावं लागतं. आजचं दळण आजच वापरायचं. पाणी उकळतं घालायचं, हात भाजला तरी चालेल. एका जिवाला दोन मुठी पीठ, त्याच्यावर नाही. मला वाटलं आता उठून एखादी थापून दाखवतील. पण त्या तशाच बसल्या आणि थोड्या वेळानं उठून गेल्या.

१४ नोव्हेंबर

दोन्ही वेळा : भाकरी (फाटकी), मुगाचं वरण बिनफोडणीचं.

आज परीक्षा घेतली त्यांची. दार लावून घेतलं आणि आत हळूच थापायला लागलो. अक्का पलीकडं त्यांच्या अंगणात. तिकडनं मला हाक आली, "बंट्या, कडंला जाड राहिली. मधी कामून मारायलास, कडंला मार." भाकरी बघितली. कडा जाड होत्या.

आयटीआयत एक मास्तर होते, मोटार चालू केली की आवाजावर बेअरिंग ओळखायचे. त्यांना आम्ही देव मानायचो. ही तर भिंतीपलीकडनं पीठ ओळखते.

दुपारी त्यांचा फोन पायरीवर वाजत होता. मला म्हणाल्या, तू दाब बाबा, मला बटण दिसत न्हाई. कालच माझ्या ताटातल्या डाळीतला काळा खडा ह्यांनी पायरीवरनं दाखवला होता. म्हातारपणी जवळचं दिसत नसेल, लांबचं दिसत असेल.

मुलगा होता, सोमशेखर. आवाज मोठा येत होता म्हणून सगळं ऐकू आलं. अव्वा, भाकरी करून खायलीस का नुसत्या चुरमुऱ्यावर दिवस काढायलीस? ह्या म्हणाल्या, करायलेय की, पन्नास वर्षं करायलेय. मग तो म्हणाला, "बघ हं, आपलं ठरलंय. ज्या दिवशी तुझ्या हातानं भाकर होईना त्या दिवशी गाडी घेऊन येतो. मग न्हाई म्हणायचं न्हाई."

अक्का हसल्या. "ये की. येळवसीला ये अन् खाऊन बघ."

फोन ठेवल्यावर सांगत होत्या, गुलबर्ग्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, मागं बारा दिवस राहून आल्या. सून सुकन्या चांगली आहे, काही करू देत नाही. तेच तर अवघड. सकाळी उठून करायचं काय? खाली बघितलं की मुंग्या, वर बघितलं की पंखा. इथं चूल आहे, बंडेप्पानं लावलेला कढीपत्ता आहे, गल्लीतली भांडणं आहेत. हातानं होतंय तोवर इथनं हलायची न्हाई, असं म्हणाल्या आणि हात पदरात आणखी घट्ट ओढून घेतले.

१५ नोव्हेंबर

भात. कंटाळा.

१८ नोव्हेंबर

दुपारी : भाकरी!! एक. ताक, कांदा.

सकाळी सातला ज्वारी घेऊन गिरणीला निघालो आणि पोचलो साडेअकराला. वाटेत एका शेतात आमच्याच नीलेश फिटरनं बसवलेला पंप पहिल्यांदा चालू करत होते. पाइप आधी थरथर थरथर करते, आपल्याला वाटतं आता फुटतीय, आणि मग पाणी येतं. घरातली सगळी माणसं पाइपेच्या तोंडाशी हात जोडून उभी. डिझेल नाही, वायर नाही, ऊन पडलं आणि पाणी आलं. मी शंभर पंप बघितलेत तरी माझ्या अंगावर काटा येतो. तिथनं पुढं तुरीत काळवीट दिसलं. तूर पिवळ्या फुलांनी गच्च भरलेली आणि त्यात नुसती शिंगं चाललेली, पिळाची. त्याच्या मागं गेलो. सापडणार थोडंच होतं.

दळण हातात घेतलं तेव्हा पीठ गरम होतं. कोंबडीचं पिल्लू ओंजळीत धरल्यावर लागतं तसं. पिशवी पोटाशी धरून घरी आलो.

उकळतं पाणी घातलं, बोटं भाजली, मळलं. पायरीवरनं अक्का सांगत होत्या आणि मी करत होतो. आता बोलू नको म्हणाल्या, मलाच, मी तोंडानं मोजत होतो म्हणून. मग त्याही गप्प झाल्या. नुसता थप थप आवाज. एकदा म्हणाल्या, पाणी लाव. एकदा म्हणाल्या, बास. तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, उलटली, मग तवा काढून आचेवर धरली.

आणि ती फुगली.

मला लिहिता येईना. आधी एका कोपऱ्यात फुगा आला, तो सरकत सरकत सगळीकडं गेला आणि दोन पदर सुटले. आत कुणीतरी श्वास घेतल्यासारखं. दोन मुठी पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. आईनं माझ्यासमोर अशा किती हजार केल्या आणि मी मोबाइल बघत खाल्ल्या.

दाखवायला दुसरं कोण होतं? ताट घेऊन अक्कांच्या पुढं धरलं. त्या वाकल्या, वास घेतला, डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, खा, गार व्हायच्या आत खा, दाखवत काय फिरायलास. डोळ्यांत धूर गेला असेल. पण गॅसला धूर कुठला. तिखटाचा ठसका असेल कुणाच्या घरचा.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी : भात, अंडी दोन.

नीलेशनं चार अंडी आणून दिली, म्हणाला ताकद पाहिजे. भाताच्या पातेल्यातच दोन सोडली. एकाच पाण्यात, एकाच आचेवर दोन पदार्थ. फार हुशारी केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी अक्कांनी रोजच्यासारखं विचारलं, काय केलास आज? मी सांगून टाकलं. त्या बरं म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग आहे त्यांच्या. आणि मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून अंडी उकडतोय, त्याच पातेल्यात ज्यात वरण करतो. आठवून बघितलं तर ह्या बाईनं आजवर माझ्या ताटाला, तव्याला एकदाही बोट लावलेलं नाही. इतकं शिकवलं, पण एक गोळासुद्धा हातात घेऊन दाखवला नाही. म्हणजे त्यांना आधीपासनंच संशय असणार.

२७ नोव्हेंबर

दोन्ही वेळा : वरण, भाकरी.

जुनं पातेलं नीलेशला देऊन टाकलं. बाजारातनं नवं आणलं. ताट आणि तवा राखेनं घासले, दोनदा. पातेलं अक्कांच्या पुढं केलं. बाया भांडं घेताना बोटाच्या पेरानं टण् करून बघतात तसं त्या वाजवतील, असं वाटलं होतं. त्यांनी पदरातनं हात काढला नाही. चांगलं हाय म्हणाल्या.

मग कळून चुकलं. नुसतं भांडं नाही, माझाच विटाळ वाटत असणार. राग आला नाही मला. आमच्या घरी आई एकादशीचं पातेलं वेगळं ठेवते, मला काय हे नवीन नाही. घर त्यांचं, रीत त्यांची. पण जिवाला लागलं जरा. ठरवलं की आपण होऊन लांब राहायचं. आता दार लावून स्वयंपाक करतो, खाली गोणपाट टाकतो म्हणजे आवाज पण जायचा नाही, त्यांना त्रास नको.

३० नोव्हेंबर

भाकरी, दही. भाकरी रोज फुगते आता. दार लावलेलं असलं की फुगलेली बघून काही वाटत नाही तेवढं.

२ डिसेंबर

दुपारी काय खाल्लं ते खाली येईल.

भाकरी थापत होतो तर दारावर धडधड झाली. हातानं नव्हे, पायानं कुणी मारावं तशी. उघडलं तर अक्का. पाच दिवसांत बाई निम्मी झाल्यासारखी दिसली.

"दार कामून लावायलास? आवाजच येईना झालाय."

मी म्हटलं, तुम्हाला त्रास नको म्हणून. कसला त्रास ते त्यांनी विचारलं नाही. चल म्हणाल्या. मला वाटलं खोली सोडायला सांगणार. तर त्या मला त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी उंबऱ्याशी थांबलो. अशा घरात पाव्हणासुद्धा चुलीपर्यंत जात नाही. त्या म्हणाल्या, ये की आत, लाजायला काय झालं.

कोपऱ्यात पांढऱ्या कापडाखाली टोपलं. ह्यात त्यांच्या कडक भाकऱ्या असतात, महिना महिना टिकतात. मी आलो तेव्हा दारातनं दिसलं होतं, काठापर्यंत भरलेलं. आज कापड काढलं तर तळाला नुसते तुकडे. दिवाळीला शेजारणीनं करून दिल्या होत्या म्हणे. म्हणजे स्वतः केल्याच नव्हत्या. मग महिनाभर बाई करत काय होती? तेच, ताकात भिजवून एक-एक.

जमिनीवर लाकडी काटवट होती, मोठी, मधी घासून घासून खोलगट झालेली. म्हणाल्या, "ह्यात मळ."

मी म्हटलं, "अक्का, मी अंडी खाल्लीत."

"खाल्लास ते तुझ्या पोटात गेलं. माझ्या काटवटीत कुठनं आलं?"

"मग माझ्या भांड्याला हात कामून लावत न्हाईस?" तोंडातनं 'तू' निघून गेलं.

अक्कानं पदरातनं दोन्ही हात काढले आणि काटवटीवर धरले.

पाणी यायच्या आधी पाइप थरथरते, तसे. उजवा जास्त. तिनं थांबवायचा प्रयत्न केला तर जास्तच. एका हातानं दुसरा धरला तर दोन्ही.

"संक्रांतीपसनं," ती म्हणाली. "पीठ धरवत न्हाई. गोळा पडतोय."

मी म्हटलं, कुणाला सांगितलं न्हाईस? म्हणाली, सांगितलं की गाडी आली. पुढं म्हणाली, "माझं तोंड हाय, हात न्हाईत. तुझे हात हायत, तोंड न्हाई. मला वाटलं तू शिकलास की…" आणि तिथंच थांबली.

मी रागवायला पाहिजे होतं का? दोन तास झाले विचार करतोय. मला शिकवत होती का स्वतःपुरती माझी सोय बघत होती? पण डोक्यात पुन्हा पुन्हा एकच येतंय. ह्या हातांनी कधीतरी पन्नास वर्षं थाप मारली, आणि हात गेल्यावर ती सगळी थाप हिच्या कानात जाऊन बसली. तिथं जागा कशी झाली?

आणि मी गोणपाट टाकून पाच दिवस तोच आवाज बंद केला होता.

दुपारी : अक्काच्या काटवटीत चार भाकऱ्या. दोन मी, दीड तिनं. मी मोडून ताकात टाकल्या, तिनं ताटलीला तोंड लावलं. अर्धी गाईला.

९ डिसेंबर

दोन्ही वेळा अक्काकडं. दोन जिवांना चार मुठी.

येळवस एकोणीस तारखेला आहे. तिकडं लातूरकडं वेळ अमावस्या म्हणतात, तीच. पूर्ण गाव शेतात जाऊन जेवतं, गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. तोवर चाळीस कडक भाकऱ्या व्हायला पाहिजेत, अर्ध्या ज्वारीच्या, अर्ध्या बाजरीच्या तीळ लावून. कागदासारख्या पातळ. सोमशेखर येणार, खाणार, समाधान होऊन परत जाणार. आमचं ठरलंय, कुणी काही बोलायचं नाही. भाकरी खाल्ल्यावर त्याला कसं कळणार? माझ्या मते काही अडचण नाही.

आज सात झाल्या, तीन गेल्या. अक्का म्हणाली, घाई करायलास, जायचं हाय का कुठं? मी म्हटलं, जायचं तर नेहमीच असतंय. हसली.

१७ डिसेंबर

सकाळी : फुटलेल्या कडक भाकरीचा चुरा, शेंगाचटणी (दोन चिमटी, डॉक्टरांची माफी).

चाळीस पूर्ण. मंद आचेवर कापडानं दाबून दाबून वाळवल्या, पापडासारख्या वाजतात. रचून ठेवल्यात. मी दर तासाला जाऊन बघतो. माझ्या हातनं एवढी एक गोष्ट आजवर पूर्ण झालेली नाही.

अंबील पण घातली मडक्यात, ज्वारीचं पीठ शिजवून ताकात. परवापर्यंत आंबेल. आत्ताच कान लावला तर आत बारीक फुसफुस चाललीय. कुणी पेटवलेलं नाही, कुणी ढवळलेलं नाही, आणि ते आपलं आपण शिजतंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

सगळं नीट आठवून लिहितो.

सोमशेखरअण्णा आणि सुकन्यावहिनी सकाळी गाडीनं आले. अण्णा गोरा, जाडसर, कमी बोलणारा. शेत गावापासनं जवळ आहे, वाट्यानं दिलेलं. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, केलेली, आत पाच पांडवांचे चुना लावलेले दगड, वर पांढरी घोंगडी. पूजा झाली. बाभळीपासनं ओढ्यापर्यंत प्रत्येक शेतात अशीच कोपी, प्रत्येक शेतातनं जेवायला या म्हणून हाका. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाताला धरून बसवतात. एवढ्या शेतात एकाच वेळी एवढी माणसं जेवताना मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बघितली.

भज्जी वहिनींनी केली होती, हरभऱ्याचा पाला, तूर, वाल, चिंच, सगळं एकत्र. अण्णानं भाकरी मोडली. कट्‌ आवाज झाला. अक्का आणि मी दोघांनी तो ऐकला आणि एकमेकांकडं बघितलं नाही. अण्णा म्हणाला, चव तीच. मग दुसरी घेतली आणि मोडली नाही, हातात गोल गोल फिरवत कड बघत राहिला. पुष्कळ वेळ. मग माझ्या बोटांकडं बघितलं. त्यावर भाजल्याचे चट्टे आहेत.

आणि ती भाकरीही त्यानं मोडून खाल्ली. मला वाटलं जमलं.

मग अंबील. मी मडकं उचलायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, राहू द्या, पहिली वाटी अव्वाच्याच हातची, दरसाल असतंय. आणि मला आठवलं. आमच्याकडंही आईच वाढते पहिली. जन्मभर बघितलंय आणि चाळीस भाकऱ्यांच्या नादात मला हे सुचलंच नाही.

अक्का नको म्हणाली नाही. तिनं हात बाहेर काढले, डाव घेतला. मडक्यापासनं वाटीपर्यंत एक हात अंतर. अंबील अर्धी भुईवर, अर्धी अण्णाच्या पँटीवर. वाटीत थेंब नाही. येळवसीला अंबील रानात शिंपडायचीच असते, म्हणून अक्का म्हणाली, "भुईचं भुईला गेलं. तुझं आता देते."

आणि तिनं डाव परत बुडवला. तेव्हा अण्णानं तिच्या हाताखाली आपला हात नेला. धरला नाही, नुसता खाली ठेवला. डाव वाटीपर्यंत आला.

"कवापसनं, अव्वा?"

"भाकरी खाल्लास न्हवं?"

"खाल्लो."

"मग झालं. माझ्याच हायत त्या. हात तेवढे ह्याचे."

अण्णा म्हणाला, तुझ्या भाकरीच्या कडेला अंगठ्याचा दाब असतोय, लहानपणी मी त्यात बोट घालून बघायचो. एवढं बोलून तो उठला आणि कोपीमागं जाऊन तुरीकडं तोंड करून उभा राहिला. वहिनी रडायला लागल्या. मी काय करावं कळेना म्हणून भज्जी खात बसलो.

परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, ठरल्याप्रमाणं गाडी आणलीय. अक्का म्हणाली, ठरलेलं मी मोडत न्हाई. पण दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, अन् संक्रांतीच्या आत ह्या हातानं एक भाकर झाली, तर मला माझ्या चुलीपुढं आणून सोडायचं.

"एक?" अण्णानं विचारलं.

"एका जिवाला एक बास हाय."

तो हो म्हणाला.

२० डिसेंबर

सकाळी : काही नाही.

गेली. जाताना काटवट गाडीत घातली. अण्णा म्हणत होता घरी परात आहे, स्टीलची. अक्का म्हणाली परातीत मला ऐकू येत न्हाई. किल्ली माझ्याकडं दिली. कढीपत्त्याला पाणी घाल म्हणाली.

मी उगंच चाळीस भाकऱ्या केल्या. वाढायचं कोण हे सुचलं असतं तर. पण सुचलं असतं तर मी काय केलं असतं?

२९ डिसेंबर

भात.

ठेकेदाराचा फोन. इथलं काम संपलं, पहिल्या तारखेला रायचूरला ये. रायचूर मी बघितलेलं नाही. दोन नद्या आहेत म्हणतात तिथं. संक्रांतीनंतर येतो म्हणून सांगितलं. कामून म्हणाला तो. कढीपत्ता आहे म्हटलं. शिव्या दिल्या.

अण्णाचा पण फोन होता. डॉक्टर म्हणाले हा कंपाचा आजार आहे, पूर्ण जात नाही, गोळीनं आवरतो, किती ते महिन्याभरात कळेल. अव्वा खात नाही नीट, म्हणाला. मग तुम्ही भाकरी किती वाजता करता, असं विचारलं. मला तुम्ही म्हणाला.

३० डिसेंबर

साडेसातला फोन लावून भाकरी केली. फोन ताटाशेजारी जमिनीवर. पलीकडं अक्का. अर्ध्यावर आवाज आला, "पाणी जास्ती झालं." बघितलं तर झालं होतं. मधी नव्वद किलोमीटर.

४ जानेवारी २०२६, रविवार

रोजच्यासारखा फोन लावला. दोन मुठी पीठ, उकळतं पाणी. थापून झाली, तव्यावर टाकली, अक्का काहीच बोलली नाही. मी म्हटलं, बरोबर हाय का? म्हणाली, बरोबर हाय, आता सांगायला काय ठिवलास. मग म्हणाली, "थांब. फोन ठिवू नको."

पलीकडं काहीतरी सरकल्याचा आवाज आला. जड, लाकडाचा, फरशीवरनं. मी ओळखला. वहिनी काहीतरी म्हणाल्या, अण्णानं त्यांना गप्प केलं. मग बराच वेळ काही नाही.

थप.

मी तव्यापाशी हललो नाही.

पुन्हा काही नाही. खाली रस्त्यावरनं गाडी गेली, तिसऱ्या मजल्यावर ऐकू आली, मला इथं. मग थप. मग दोन लागोपाठ, मग एक नुसतीच घसरल्यासारखी. मी डोळे मिटले. मधली थाप ओली वाजत होती. कडेची वेगळी. कडेला पीठ तडकायला लागलं की असा कोरडा, पोकळ आवाज येतो. हे मला कुणी सांगितलेलं नाही.

"अक्का," मी म्हटलं, "कडंला कोरडी पडायलीय. पाणी लाव."

थाप थांबली. फोनमधे कुणाचा तरी श्वास येत होता, तिघांपैकी कुणाचा ते कळेना.

मग म्हणाली, "लावलं."

आणि पुन्हा सुरू झाली. हळू. मी शेवटपर्यंत ऐकली.

सकाळी : भाकरी एक, करपून काळी झालेली. सगळी खाल्ली. ताक.